चिंचमळ्याचा थांबा आणि दहा संदर्भ

एखादी गोष्ट खरी ठरायला ती नुसती घडून भागत नाही. ती कुठंतरी छापून यावी लागते. सूर्य रोज उगवतो हे आपण मानतो ते कॅलेंडरवर त्याची वेळ छापलेली असते म्हणून. नाहीतर सकाळी उजेडासारखं काहीतरी पडतं, यापलीकडं कुणाला छातीठोकपणे बोलता आलं नसतं. हे थोर तत्त्व तरुण पिढीच्या गळी उतरावं म्हणून बेळगावातल्या एका महाविद्यालयात (नाव छापायला प्राचार्यांची लेखी परवानगी लागते, आणि परवानगीच्या अर्जावर आधी महाविद्यालयाचं छापील नाव लागतं) बी.ए.च्या चौथ्या सेमिस्टरला 'संशोधनाधारित व मतपरिवर्तनकारी लेखन' नावाचा पेपर ठेवलेला आहे. क्रमांक ४.३. मुलं त्याला 'चार पॉइंट तीन' म्हणतात. तो शिकवणारे प्रा. नागेंद्र सर त्याला 'उद्याच्या समाजाचा कणा' म्हणतात.

पेपर सोपा होता. आपल्या गावातली एक अडचण निवडायची, तिच्यावर संशोधन करायचं, आणि वाचणाऱ्याचं मत बदलेल असा प्रबंध लिहायचा. गुण तीस. त्यांपैकी मुखपृष्ठ आणि स्पायरल बाइंडिंगला पाच, संदर्भांना दहा (संदर्भही कमीत कमी दहाच), विरोधी बाजू मांडण्याला पाच, चारी बाजूंच्या समासाला पाच आणि उरलेले पाच मजकुराला. वाचणाऱ्याचं मत खरोखर बदललं का, याला गुण नव्हते. अभ्यास मंडळाच्या मते तो भाग अभ्यासक्रमाबाहेरचा होता.

आरोहीला विषय शोधत हिंडावं लागलं नाही. ती कंग्राळीच्या पुढं दीड किलोमीटरवरच्या चिंचमळ्याची. चिंचमळा म्हणजे अकरा घरं, एक फाटा आणि फाट्यावर लोखंडी पाटी. सात त्रेचाळीसची बस पाटीजवळ येई, आरोही हात करी, आणि बस तिच्याकडं बघत बघत पुढं निघून जाई. पुढची बस नऊ वीसला. चार पॉइंट तीनचा तास सव्वाआठला. म्हणजे लोकांचं मन कसं वळवावं हे ज्या तासाला शिकवत, नेमक्या त्याच तासाला ही पोरगी फाट्यावर ड्रायव्हरचं मन वळवत उभी असे. कधी कुणाची मोटारसायकल मिळालीच तर पोचायची. छत्तीस तास झाले तेव्हा तिची हजेरी वीस भरली होती. टक्केवारी पंचावन्न. परीक्षेला बसायला पंचाहत्तर लागते.

तिचे वडील भरमू उद्यमबागेत कारखान्यात पहिल्या पाळीला जात. पहाटे पाचला घर सोडत. माणूस गरीब, आवाज न चढवणारा. ते एवढंच म्हणाले, "बाळ, परीक्षेला बसू दिलं न्हाईत तर वरीस गेलं. मग मी काय बोलणार न्हाई, तुझं मामा बोलतील." मामांकडं निपाणीचं एक स्थळ होतं. मुलाला तंबाखूच्या वखारीत चांगली नोकरी होती, आणि स्थळ फार दिवस वाट बघायला तयार नव्हतं. आरोहीला लग्नाचा राग नव्हता. तिला बी.ए. व्हायचं होतं, आणि आधी व्हायचं होतं.

तर तिनं विषय दिला: 'चिंचमळा फाट्यावर बस न थांबणे: एक अभ्यास.' नागेंद्र सरांनी चष्मा वर केला.

"बस थांबत नाही, हे कशावरून?"

"सर, मी रोज तिथं उभी असते."

"तो अनुभव झाला. अनुभव माणसाला फसवतो. संदर्भ काय?"

"सर, हजेरीपट बघा. मी वर्गात नसते."

सरांनी खरोखरच हजेरीपट उघडून पाहिला. अन्याय त्यांच्या स्वभावात नव्हता. "यावरून तू येत नाहीस एवढं सिद्ध होतं," ते म्हणाले, "बस थांबत नाही हे कुठं सिद्ध होतं?" सगळ्या वर्गानं मान डोलावली. पाच दिवसांच्या कार्यशाळेत सर जे शिकून आले होते ते असं वेळेला उपयोगी पडत असे.

आरोही डेपोत गेली. कंट्रोलर साहेब सज्जन निघाले. त्यांनी तिला बसायला स्टूल दिलं आणि तिच्यासमोर रजिस्टर उघडलं. "नोडम्मा, बघ हितं. चिंचमळा फाटा. थांबा: झाला. वेळ: सात त्रेचाळीस. चढलेले प्रवासी: शून्य. वर्षभर बघ, सगळीकडं शून्यच. आमची गाडी थांबती, कोण चढत न्हाई. आणि कोणच चढत न्हाई म्हटल्यावर ड्रायव्हरनं थांबायचं तरी कशाला?"

"पण साहेब, थांबल्याबिगर चढणार कसं?"

"चढायला लागलीस की अर्जी दे. आम्ही थांबवतो."

या युक्तिवादात तिला कुठं बोट ठेवायला जागा सापडेना. तिनं रजिस्टरच्या पानाची नक्कल मागितली. ती शिक्क्यासह तीन दिवसांत मिळाली. हा तिचा पहिला संदर्भ, आणि तो तिच्याच विरुद्ध होता.

उरलेल्या नऊ संदर्भांसाठी तिला मारुतीराव आण्णांच्या दारात जावं लागलं. मारुतीराव चिंचमळ्याचे पुढारी, आणि निवेदन या साहित्यप्रकारातले या भागातले जाणकार. इकडं निवेदनाला केवढा मान आहे, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. गटार तुंबलं, निवेदन. गटार मोकळं झालं, आभाराचं निवेदन. त्याचा विधीही ठरलेला आहे. कागद एकच असतो, पण तो निदान सात जणांनी धरावा लागतो. ज्यांना कागद पोचत नाही त्यांनी पोचलेल्याचं कोपर धरावं. अधिकाऱ्यानं कागदाकडं बघायचं नसतं, कॅमेऱ्याकडं बघायचं असतं. मग आश्वासन, मग चहा. आणि चौथ्या दिवशी पेपरात: 'यावेळी मारुतीराव, भावकू, परशराम आदी उपस्थित होते.' मारुतीरावांचं नाव असं आजवर दोनशे चौदा वेळा छापून आलेलं होतं. 'यावेळी' आणि 'उपस्थित होते' या दोहोंच्या मधे त्यांचं आयुष्य सुखानं चाललं होतं.

"बसचं व्हय?" मारुतीराव म्हणाले. "लई जुना विषय हाय. आठ येळा दिलंय निवेदन. आठीच्या आठी येळा आश्वासन मिळालंय. एकदा बी मोकळ्या हातानं आलो न्हाई." त्यांनी ट्रंकेतून आठ कात्रणं काढून दिली आणि नववं निवेदन परवाच द्यायचं ठरवून टाकलं. त्यासाठी बातमीदार शामूला बोलावणं गेलं. शामू एका साप्ताहिकात लिहीत असे आणि पत्रकारितेची नीतिमत्ता कसोशीनं पाळत असे.

"आक्का, बस थांबत न्हाई ह्याला आधार काय?" त्यानं वही काढून विचारलं.

"माझं संशोधन हाय."

"पुरं झालंय?"

"तुमची बातमी आली की हुतंय."

शामूला ते रास्त वाटलं. गुरुवारी बातमी आली: 'चिंचमळ्यात बस थांबत नसल्याचे संशोधनातून उघड.' आरोहीनं ती प्रबंधाला जोडली. बातमीला प्रबंधाचा आधार, प्रबंधाला बातमीचा. नागेंद्र सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि त्यांना भरून आलं. दोन स्वतंत्र साधनांचा इतका तंतोतंत मेळ त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

संदर्भ दहा झाले. पण ते लिहिण्याचीही एक रीत असते. ज्या ज्या लोकांचा मजकुराशी संबंध, त्या त्या सगळ्यांची नावं द्यायची. निवेदनाला एकट्या माणसाचा संबंध कधी नसतो. संदर्भसूची नऊ पानांची झाली आणि प्रबंध सहा पानांचा. नावं भरली एकशे त्रेचाळीस (त्यांतले अकरा जण आता हयात नाहीत, दोघं दुबईला आहेत, आणि एक परशराम पाच वेळा आला असला तरी ते तीन वेगवेगळे परशराम आहेत). शेवटी संगणकानं आपल्या पद्धतीनं मोजदाद करून सर्वाधिक वेळा आलेले लेखक कोण ते सांगितलं. ते 'आदी' होते. नऊच्या नऊ बातम्यांत हजर.

नियमाप्रमाणे सर्वाधिक आलेल्या लेखकाचा अल्पपरिचय देणं भाग होतं. संगणकाशी वाद घालण्यात अर्थ नाही, असं सर म्हणाले. मग आरोहीनं लिहिलं: 'आदी हे प्रत्येक कामाला हजर असतात. त्यांचं नाव कुणी विचारत नाही. फोटोत ते कडेला असतात आणि छापताना कडा कापतात. चहा बहुधा त्यांच्यापर्यंत पोचत नाही.' सरांनी या परिच्छेदाखाली लाल शाईनं 'उत्तम' असं लिहिलं, आणि ते खोटं नव्हतं.

प्रबंधाला तीसपैकी सत्तावीस गुण मिळाले. शेरा असा होता: 'विरोधी बाजू (डेपोचे शिक्क्याचे रजिस्टर) अत्यंत भक्कम. निष्कर्ष अधिक संतुलित हवा. बस थांबते आणि थांबत नाही, असे म्हणता येईल.' एक प्रत रीतसर डेपोला गेली. डेपोचं उत्तर आठ दिवसांत आलं, हेही मान्य केलं पाहिजे. 'आपल्या प्रबंधातील संदर्भ क्रमांक एकनुसार सदर थांब्यावर बस थांबते. सबब कार्यवाहीची आवश्यकता नाही.'

ते पत्र घेऊन आरोही उंबऱ्यावर बसली आणि तिला रडू आलं. सत्तावीस गुण हातात, नऊ बातम्या, एकशे त्रेचाळीस माणसं पाठीशी, आणि सकाळी फाट्यावर परत ती आणि ती पाटीच. चार पॉइंट तीनचे वर्गातले चोवीस तास उरले होते. निपाणीहून फोन येऊन गेला होता.

तिची आत्या मालुबाई गोठ्यातून धार काढून येत होती. मालुबाईला वाचता येत नव्हतं. त्यामुळं त्या प्रबंधाचा तिच्यावर काहीही परिणाम झालेला नव्हता. तिनं किटली खाली ठेवली आणि विचारलं, "डायवर कोण हाय गं त्या गाडीला?"

"साईनाथ म्हणत्यात. शहापूरचा हाय."

"चंद्राबाईचा ल्योक? माधवीचा दादला?"

"मला काय ठावं आत्या."

"मला हाय," मालुबाई म्हणाली, आणि पदर खोचून तिनं किटली उचलली.

मालुबाई संध्याकाळच्या धारेचं दूध पाचच्या टेम्पोनं शहापुरात नेत असे. सतरा घरांत तिचा रतीब होता. त्या दिवशी आरोही सोबत गेली, दुसरी किटली धरायला. बोळात विणकरांच्या मागांचा खडखडाट चाललेला. अकरावं घर चंद्राबाईचं. दारात सून माधवी पातेलं घेऊन उभी होती. मालुबाई तिच्यासमोरून, तिच्याकडं बघत बघत, सरळ बाराव्या घराला गेली.

"मावशी, अवो, आमचं ऱ्हायलं की," माधवी म्हणाली.

मालुबाई मागं वळली. आवाज अगदी गोड. "न्हाई बाई, मी थांबलेली की. पातेलं घिऊन कोण उभंच नव्हतं." आणि तिनं माधवीच्या दारामागच्या कॅलेंडरवर, जिथं रोजच्या दुधाची खूण करत, तिथं माधवीच्याच पेन्सिलीनं एक गोल शून्य काढलं. "तुमच्या मालकांना दाव. त्यास्नी वाचता येतंय ह्ये."

आरोहीला हसू आवरेना. गेल्या कित्येक दिवसांत ती पहिल्यांदाच हसत होती.

दुसऱ्या दिवशी दुसरं शून्य. साईनाथनं पाकिटातलं दूध आणून पाहिलं. चंद्राबाईनं, जी एकोणीस वर्षं मालुबाईचं दूध पीत आली होती, त्या पाकिटातल्या दुधाच्या चहाचा एक घोट घेतला, बशी खाली ठेवली आणि ल्योकाला विचारलं की घरात कोण आजारी आहे का. तिसऱ्या दिवशी तिसरं शून्य. त्या संध्याकाळी माधवीनं दारातच विचारलं, "मावशी, करायचं काय आमी?" मालुबाईनं आरोहीला पुढं केलं. "ह्या पोरीकडं नीट बघून ठेव. ही सकाळी सात त्रेचाळीसला फाट्यावर असती. तुझ्या दादल्याला ही दिसली, की मला तुझं पातेलं दिसंल."

चौथ्या दिवशी बस थांबली. नुसती थांबली नाही, आरोहीच्या पायापाशी थांबली, आणि तिनं वर बघितलं तर साईनाथ स्टिअरिंगवर वाकून विचारत होता, "तू मालुबाईची भाची काय? बस, बस. आणि त्यास्नी सांग, गाडी थांबली म्हणून." संदर्भ शून्य, पानं शून्य, समास कुठल्याच बाजूला नाही, आणि एका माणसाचं मत बदललं होतं.

आता यश मिळालं म्हटल्यावर ते कुणाचं, हे ठरवणं आलं. पुढच्याच गुरुवारी शामूची बातमी: 'मारुतीराव यांच्या निवेदनाला यश.' महाविद्यालयाच्या वार्षिकात नागेंद्र सरांचा लेख: 'मतपरिवर्तनकारी लेखनाचे ग्रामीण वाहतुकीवरील परिणाम.' डेपोनं परिपत्रक काढलं की बस पूर्वीपासूनच थांबत होती. फक्त प्रवासी आता चढू लागले आहेत, याबद्दल प्रवाशांचं अभिनंदन. मारुतीरावांनी कंट्रोलर साहेबांना शाल आणि नारळ दिला. फोटोत मालुबाई होती, अगदी कडेला, किटलीसह. छापताना कडा कापली गेली.

हजेरीचं मात्र भागलं नाही. उरलेल्या चोवीसांपैकी एकवीस तासांना आरोही बसली, तरी एकूण साठांपैकी एकेचाळीसच भरले. चार कमी. तिनं सरांपुढं हात जोडले. सरांनी नियमावली पालथी घातली आणि त्यांना कलम सापडलं: संशोधनासाठी प्रत्यक्ष स्थळी घालवलेला दिवस 'क्षेत्रकार्य' म्हणून हजेरीत धरावा. ज्या एकोणीस दिवशी ती फाट्यावर उभी राहिली आणि त्यामुळं वर्गात नव्हती, ते दिवस वर्गात धरले गेले. हजेरी शंभर टक्के झाली. वार्षिक समारंभात पूर्ण हजेरीचं प्रशस्तिपत्र तिला मिळालं, आणि निपाणीच्या स्थळानं दुसरीकडं पाट मांडला.

हे कलम आता सगळ्यांना ठाऊक झालं आहे. यंदाच्या तुकडीतले अकरा जण रोज सकाळी चिंचमळ्याच्या फाट्यावर वह्या घेऊन क्षेत्रकार्याला उभे असतात. बस थांबते, कंडक्टर हाक मारतो, कुणी चढत नाही. चढलं तर हजेरी बुडते. एकटी आरोही चढते, ती आता तिसऱ्या वर्षाला आहे. रजिस्टरात नोंद होते: 'थांबा: झाला. प्रवासी: एक. निरीक्षक: अकरा.' निरीक्षकांचा रकाना नवीन आखून घ्यावा लागला.

इतकं सगळं गोड झालं, तरी आरोहीच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली होती. प्रबंध ग्रंथालयात ठेवण्यापूर्वी तिनं त्यात शेवटी एक पान घातलं होतं: मालुबाई, सतरा घरं, तीन शून्यं. सरांनी ते पान वाचलं. दोनदा वाचलं. ते हसलेसुद्धा.

"संदर्भ?"

"माझी आत्या, सर."

"आत्या कुठं प्रसिद्ध झाल्या आहेत?"

"शहापुरात, सर. सतरा घरांत."

सरांनी पान हळूच सोडवून तिच्या हातात दिलं. "आरोही, मला पटतं गं. पण पटणं वेगळं. हे कुठंतरी छापून आण, मी स्वतः माझ्या हातानं जोडतो." माणूस वाईट नव्हता. ती पान घेऊन घरी गेली, आणि तिनं आत्याची किटली घासून दिली.

म्हणून ही कथा छापली आहे. दुसरा हेतू नाही. मालुबाई आता छापून आल्या. पान क्रमांक कोपऱ्यात आहे तो आरोहीनं उतरून घ्यावा. फक्त सरांनी एक शंका काढली आहे: छापणाऱ्यानं तरी हे तपासलं का? त्यावर आमचं उत्तर असं, की एवढ्या वाचकांनी हे पहिल्या ओळीपासून इथपर्यंत वाचलं. दोनशे चौदा निवेदनं वाचली, एकशे त्रेचाळीस नावं वाचली, चंद्राबाईची एकोणीस वर्षं वाचली, आणि एकानंही मधे हात वर करून 'कशावरून?' असं विचारलं नाही. मालुबाईसारख्यांना सगळा जन्म विचारला जाणारा प्रश्न त्यांनी छापील कागदाला विचारला नाही. यापेक्षा मोठी साक्ष कुठली आणायची?

तेव्हा त्या सर्व वाचकांची नावं साक्षीदार म्हणून संदर्भसूचीत घालायची होती. जागा पुरेना. म्हणून एवढंच छापलं आहे: 'यावेळी मालुबाई, आरोही आदी उपस्थित होते.' आपण शेवटून तिसऱ्या शब्दात आहात. चहा संपला आहे.